धुरात शिरणारा माणूस : जेम्स ब्रेडवूड

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचवता आली, दहा गेली. १ मे १९९९ पर्यंत आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, त्यामुळे ती बातमी आपल्याकडे कोणी परक्या गावची म्हणून वाचली नाही. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, खुद्द गोंदिया शहरात एका हॉटेलला पहाटे आग लागून सात जणांचा जीव गेला होता. अशा रात्रीच्या आगींत माणसं ज्वाळेपेक्षा धुरानेच जास्त मरतात. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल असा भरवसा धरता येत नाही. उलट तो धूर त्याला आणखी गाढ झोपवतो.

आग लागते तो क्षण आणि ती कोणाच्या तरी लक्षात येते तो क्षण, यांच्यामध्ये काही मिनिटं जातात. सगळा खेळ त्या मिनिटांचा आहे. हे दोनशे वर्षांपूर्वी ओळखून त्यावर अख्खं आयुष्य लावणाऱ्या माणसाची ही ओळख. आपण इंजिनिअरिंगची पोरं वॅट, स्टीफन्सन, फॅरडे यांची नावं पाठ करतो. जेम्स ब्रेडवूड हे नाव आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. अग्निशमन दलांत मात्र ते आद्य गुरूच्या मानाने घेतलं जातं.

जेम्स ब्रेडवूड यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग शहरात झाला. वडील लाकडी फर्निचर बनवणारे आणि बांधकामाचा धंदा करणारे. जेम्स शहरातल्या हायस्कुलात शिकला आणि मग वडिलांच्याच धंद्यात उतरला. नकाशे काढणं, मोजमापं घेणं, भिंत कशावर उभी आहे आणि छप्पर कशावर टेकलंय हे बघणं, हे त्याचं शिक्षण. आजच्या भाषेत सिव्हिलचा पोरगा म्हणा ना. हे ज्ञान पुढे कुठे कामाला येणार आहे याची त्याला तेव्हा कल्पना असणं शक्य नव्हतं.

जुनं एडिनबर्ग म्हणजे एका टेकडीच्या कण्यावर दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या उंच दगडी इमारती. सात-सात, आठ-आठ मजले, मधे जेमतेम दोन माणसं जातील एवढे बोळ, आणि एकाच जिन्यावर वर-खाली राहणारी कितीतरी कुटुंबं. बाहेरून दगड, पण आत जमीन लाकडाची, पार्टिशन लाकडाचं, उजेडासाठी मेणबत्ती आणि उबेसाठी शेगडी. आग विझवायची सोय होती ती विमा कंपन्यांची. प्रत्येक कंपनीचा आपापला हातपंप आणि आपापली माणसं. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीची धातूची पाटी ठोकलेली असे. १८२४ साली शहराने आणि कंपन्यांनी मिळून एकच दल उभं करायचं ठरवलं आणि त्याचा प्रमुख म्हणून चोवीस वर्षांच्या ब्रेडवूडना नेमलं.

नेमणुकीला काही आठवडे होतात न होतात तोच १५ नोव्हेंबर १८२४ च्या रात्री एका छपाईचे ठसे कोरणाऱ्याच्या कारखान्यात आग लागली. पुढे काही दिवस ती धुमसत, विझत, पुन्हा भडकत राहिली. दल अजून कच्चं, माणसांना सराव नाही. त्यात भर म्हणजे घटनास्थळी पोचलेला प्रत्येक बडा माणूस हुकूम सोडतोय. न्यायाधीश एक सांगतात, नगरपालिकेचे अधिकारी दुसरं, लष्करवाले तिसरं. चोवीस वर्षांच्या पोराचं कोण ऐकणार? तेरा जण मेले, सुमारे चारशे कुटुंबं रस्त्यावर आली. नंतर चौकशी झाली तेव्हा खापर ब्रेडवूडवर फुटेल असं वाटत होतं, पण निष्कर्ष उलटा निघाला. यापुढे आगीच्या जागी हुकूम फक्त दलप्रमुखाचा चालेल असं ठरलं. आज फायर ब्रिगेडचा अधिकारी पोचला की तिथला ताबा त्याच्याकडे जातो, या पद्धतीचं मूळ असल्या अनुभवांत आहे.

आता ब्रेडवूडनी दल नव्याने बांधायला घेतलं, आणि इथे त्यांच्यातला इंजिनिअर दिसतो. धिप्पाड माणसं भरती करायची, एवढाच विचार त्यांनी केला नाही. त्यांनी गवंडी घेतले, सुतार घेतले, छपरावर पाट्या बसवणारे घेतले, नळकाम करणारे आणि लोहार घेतले. छपरावरचा माणूस उतरत्या छतावर मांजरासारखा चालतो. गवंड्याला आणि सुताराला भिंत कधी ढासळणार, तुळई कधी सुटणार ते आवाजावरून कळतं. नळवाल्याला पाण्याचा अंदाज असतो आणि पंप अडला तर लोहार तिथल्या तिथे दुरुस्त करतो. ही सगळी माणसं दिवसा आपापली रोजी करायची आणि बोलावणं आलं की धावायची.

सराव आठवड्यातून एकदा, पहाटे चार वाजता. त्या वेळी रस्ते मोकळे असतात हे एक कारण. दुसरं म्हणजे आग बहुधा अंधारातच भेटते, तेव्हा हात अंधारातच तयार व्हायला हवेत. होज कुठे जोडायचा, शिडी कोणी धरायची, कोणाच्या मागे कोण जाणार, सगळं बोटांना पाठ. प्रत्येक वेळी पंप प्रत्यक्ष चालवून बघायचा, नुसता पुसून ठेवायचा नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्यासारख्यांना पहाटे चारची शिस्त जरा जडच वाटेल!

त्यांची कामाची पद्धतही त्या काळाच्या मानाने अगदी वेगळी होती. तोपर्यंत रस्त्यावर उभं राहून खिडकीतून पाण्याचा फवारा मारत राहायची रीत होती. पाणी धुरावर पडायचं, आग मागच्या खोलीत खुशाल जळत राहायची. ब्रेडवूडचं म्हणणं, आत शिरा, आग जिथे बसली आहे ती जागा शोधा आणि तिच्यावरच पाणी मारा. पण आत एकटा कधीच जायचा नाही, दोघं मिळून जायचे. एक कोसळला तर दुसरा त्याला ओढून आणेल. एकदा एका लोखंडी सामानाच्या दुकानाला आग लागली आणि आत बंदुकीची दारू ठेवलेली आहे असं कळलं. ती ब्रेडवूडनी स्वतः आत जाऊन बाहेर काढली. असल्या कामाला दुसऱ्याला पाठवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

१८३० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. पंपांची रचना, माणसांचं प्रशिक्षण, आग लागल्यावर करायची कामं. त्यातला घरातल्या आगीबद्दलचा भाग आजही हॉस्टेलच्या भिंतीवर लावावा असा आहे. आग तिला जेवढी हवा मिळेल तेवढीच जळते, हे त्यांनी परत परत सांगितलं. म्हणून पाणी येईपर्यंत त्या खोलीचं दार बंद ठेवा, खिडक्या फोडू नका. धुराने भरलेल्या खोलीत उभं राहू नका. जमिनीलगत थोडी बरी हवा शिल्लक असते, तिच्या आधाराने गुडघ्यांवर रांगत चला, नाकातोंडाला ओलं कापड धरा. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, आडवे व्हा. यामागचं साधं विज्ञान आपण बारावीला शिकलो आहोत. गरम धूर वर जातो आणि छतापासून खाली भरत येतो. उभ्या माणसाचं डोकं त्या थरात असतं, पेटलेल्या कपड्याची ज्वाळा उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे चढते. तरीही गोंधळात आपण नेमके उभेच पळतो, दारं उघडी टाकून.

पुस्तकाची कीर्ती लंडनपर्यंत गेली. १ जानेवारी १८३३ रोजी तिथल्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन 'लंडन फायर इंजिन एस्टॅब्लिशमेंट' स्थापन केली आणि प्रमुख म्हणून ब्रेडवूडना बोलावलं. अवघ्या जगातलं सर्वांत मोठं शहर आणि दलात माणसं ऐंशी. एडिनबर्गला त्यांनी कारागीर घेतले होते. लंडनला मात्र खलाशी पसंत केले. खलाशाला रात्री-अपरात्री उठायची सवय असते, दोरावर चढता येतं आणि हुकूम झाला की तो वाद घालत नाही. हे दल पूर्ण वेळचं होतं. ब्रेडवूड वॉटलिंग स्ट्रीटवरच्या मुख्य ठाण्यातच बायकापोरांसह राहत. म्हणजे घर आणि ऑफिस एकच, चोवीस तास ड्युटी.

आणखी एक गोष्ट त्यांनी नेमाने केली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक आगीचं कारण शोधून लिहून ठेवायचं. वर्षाच्या शेवटी त्याचा तक्ता. मेणबत्तीने पडदा पेटला. शेकोटीपुढे वाळत घातलेले कपडे पेटले. धुराड्यात साठलेली काजळी पेटली. पोरं काडेपेटीशी खेळत होती. गॅस गळत होता आणि कोणीतरी तो मेणबत्ती घेऊन शोधायला गेला. तंबाखू ओढता ओढता झोप लागली. त्या यादीत वीज कोसळणं, घातपात वगैरे भारी कारणं फार थोडी. बहुतेक कारणं घरातलीच, रोजच्या हाताखालची.

ती यादी वाचताना मला आपल्याच खोल्या दिसतात. मेणबत्ती आणि पडद्याच्या जागी आता मच्छर कॉईल आणि मच्छरदाणी आली आहे. पावसाळ्यात गोंदियात या दोघींशिवाय झोप नाही आणि कॉईल नेमकी गादीच्या कडेला ठेवलेली असते. शेकोटीपुढच्या कपड्यांच्या जागी बादलीत टाकलेला इमर्शन रॉड, जो चालू करून माणूस आंघोळीला नंबर लावायला जातो आणि गप्पांत रमतो. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड, त्यात दोन मोबाईल, एक लॅपटॉप आणि वॉर्डनपासून लपवलेली मॅगीची हॉट प्लेट. रात्रभर उशीखाली चार्ज होणारा फोन. गावाकडे घरी गेलो तर कवेलूच्या घराला लागून रचलेली तणसाची गंजी आणि चुलीतली राख तिच्याच बाजूला टाकलेली. गॅसचा वास आला की दिवा लावून बघणारे तर अजूनही भेटतात. खटका दाबला तरी ठिणगी पडते, म्हणून तेव्हा लाईटच्या बटणालाही हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं. ब्रेडवूडचं दार बंद ठेवण्याचं सूत्र इथे उलटतं, कारण अजून आग लागलेली नाही, गॅस मात्र साठतोय.

ब्रेडवूडच्या लंडनमधल्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली आग १६ ऑक्टोबर १८३४ ची. त्या दिवशी ब्रिटिश पार्लमेंट जळालं. कारण ऐकून हसू येतं. सरकारी हिशोबासाठी पूर्वी लाकडी काठ्यांवर खाचा पाडत. ती पद्धत बंद झाली तेव्हा त्या काठ्यांचा मोठा ढीग शिल्लक होता. तो लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतला. कामगारांना लवकर घरी जायचं होतं, त्यांनी काठ्या कोंबल्या. दुपारी चारच्या सुमाराला सभागृह बघायला आलेल्या पाहुण्यांना बुटांच्या तळव्यांतून जमीन तापलेली जाणवली. आत एवढा धूर की भिंतीवरचे मोठे पडदे धड दिसेनात. इमारत सांभाळणाऱ्या बाईंनाही ते दिसलं. पण खाली भट्टी चालू आहे, थोडा धूर असणारच, म्हणून दार लावून सगळे निघून गेले. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ज्वाळा बाहेर आल्या.

खरं तर तिथे जाणं ब्रेडवूडच्या दलाचं काम नव्हतं. त्यांचा पगार विमा कंपन्या देत होत्या आणि ती सरकारी इमारत त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. ते बारा पंप आणि चौसष्ट माणसं घेऊन पोचले. दोन्ही सभागृहं हातची गेलीच होती, हे त्यांनी आल्याआल्या ओळखलं आणि सगळा जोर शेजारच्या वेस्टमिन्स्टर हॉलवर लावला. अकराव्या शतकातली ती वास्तू आणि तिचं मध्ययुगीन लाकडी छत वाचलं. आजही ते उभं आहे.

मला त्या आगीतले दोन तास सतावतात. चार ते सहा. धूर होता, बघणारे होते, पण बघणाऱ्यांना तो नेहमीचा वाटला. माणसाच्या या सवयीवरचा इलाज सापडायला पुढे शंभर वर्षं जावी लागली. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर हे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होते. वायूने काही काटा हलेना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला! यंत्राने विषाऐवजी धूर पकडला होता. त्यातून स्मोक डिटेक्टर आला. १९६५ च्या सुमाराला अमेरिकेत ड्युएन पियर्सॉल यांनी घरात लावता येईल असा बॅटरीवरचा डिटेक्टर तयार केला आणि ही वस्तू कारखान्यांतून सामान्य घरांत शिरली.

आतलं काम सोपं आहे. एका प्रकारात अमेरिशिअम-२४१ चा अगदी सूक्ष्म कण असतो. तो दोन प्लेटांमधली हवा आयनित करतो, त्यामुळे बारीकसा करंट वाहत राहतो. धुराचे कण शिरले की करंट पडतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या प्रकारात प्रकाशाचा झोत सेन्सरच्या बाजूने जातो; धूर आला की प्रकाश विखरून सेन्सरवर पडतो. पहिला भडकत्या आगीला लवकर ओळखतो, दुसरा धुमसणाऱ्या आगीला. गादी, कापूस, वायरचं आवरण हे सगळं आधी बराच वेळ धुमसतं, म्हणून झोपायच्या जागेजवळ दुसरा प्रकार जास्त उपयोगी. स्वयंपाकघरात मात्र धुराचा डिटेक्टर लावू नये. आपली फोडणी त्याला सहन होणार नाही, तो रोज दोनदा बोंबलेल आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याची बॅटरी काढून रिमोटमध्ये घालेल. तिथे तापमानावर चालणारा डिटेक्टर बरा, आणि धुराचा डिटेक्टर झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये.

घरच्या डिटेक्टरला टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून धरायचं, भोंगा वाजला पाहिजे, आणि तो दार लावून झोपलेल्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. दुसरी अट लोक विसरतात. बटणाने बॅटरी, सर्किट आणि भोंगा कळतो. जाळीत धूळ किंवा कोळ्याचं जाळं असेल तर धूर आत पोचतो की नाही ते कळत नाही, म्हणून जाळी ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करावी लागते. अधूनमधून एकच टिक असा आवाज येत असेल तर बॅटरी संपत आली आहे. दहा वर्षांनी अख्खं यंत्रच बदलायचं, कारण सेन्सर म्हातारा होतो. मोठ्या इमारतींत डिटेक्टर एका पॅनेलला जोडलेले असतात आणि तंत्रज्ञ त्यांच्यावर टेस्टचा स्प्रे मारून खराखुरा सिग्नल पॅनेलवर येतो का ते बघतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असतो. दाखला आणि यंत्रणा यांतलं अंतर किती असू शकतं हे मी सांगायला नको. भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातल्या आगीत अकरा रुग्ण गेले. रंगकाम करताना डिटेक्टरवर चढवलेली प्लास्टिकची टोपी रंग वाळून दोन वर्षं झाली तरी तशीच, हे दृश्य तर कुठल्याही शहरात मान वर करून बघितलं की सापडेल.

पुन्हा ब्रेडवूडकडे. लंडनमध्ये त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. सगळ्याच बाबतीत ते काळाच्या पुढे होते असं नाही. वाफेवर चालणारा पंप १८२९-३० पासूनच लंडनमध्ये लोकांनी पाहिलेला होता, पण ब्रेडवूडना तो रुचेना. लांबून जोरदार फवारा मारता येतो म्हटल्यावर माणसं आत शिरायची सोडतील ही त्यांची भीती. कारण समजण्यासारखं आहे, तरी या एका बाबतीत ते हट्टी होते असंच म्हणावं लागेल. शेवटी १८६० मध्ये त्यांच्या दलाने जमिनीवरचा पहिला वाफेचा पंप घेतला.

एका बाबतीत मात्र त्यांचं ऐकायला हवं होतं. थेम्स नदीच्या काठाने तेव्हा प्रचंड गोदामं उठत होती. आत ओतीव लोखंडाचे खांब, म्हणून मालक त्यांना अग्निरोधक म्हणत. १८४९ साली ब्रेडवूडनी सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे निबंध वाचून हा समज खोडला. लोखंड जळत नाही, पण तापून कमकुवत होतं. ओतीव खांबावर तापलेल्या स्थितीत थंड पाणी पडलं की तो तडकतो. आणि तुळया प्रसरण पावून भिंतींना बाहेर ढकलतात. अशी इमारत लाकडाच्या इमारतीपेक्षाही फसवी, कारण ती सूचना न देता कोसळते. एवढ्या मोठ्या पोकळीत एकदा आग लागली तर आपल्या दलाला ती आवरणार नाही, हेही ते सांगत राहिले. उपाय म्हणून गोदामांचे भाग पाडून मधे जाड भिंती आणि लोखंडी दारं बसवावीत असा आग्रह होता. दारं बसली.

२२ जून १८६१, शनिवार. संध्याकाळी पाचच्या आसपास टूली स्ट्रीटवरच्या कॉटन्स व्हार्फच्या गोदामात धूर दिसला. आत काय नव्हतं? अंबाडी, बंगालचा ताग, कापसाच्या गाठी, साखर, चहा, चरबीची पिंपं, सोरा, आणि तांदूळसुद्धा. राईस सिटी म्हणवणाऱ्या आपल्या गावाला धानाचं गोदाम आणि कोंड्याचा ढीग आतून कसा धुमसतो ते सांगायची गरज नाही. तागाच्या किंवा अंबाडीच्या गाठी आपोआप तापून पेटल्या असाव्यात असा तेव्हाचा तर्क होता. गोदामाच्या भागांमधली लोखंडी दारं त्या संध्याकाळी उघडी होती. शनिवार, माल हलवायचा असेल, बंद करायचा कंटाळा असेल, कोणी निष्काळजी असेल. जे असेल ते. दारं बंद असती तर आग एका भागात काही वेळ तरी अडली असती. ती सलग पसरत गेली. त्यात सुरुवातीला पाणी पुरेसं मिळेना, ओहोटीने नदीही आत गेलेली.

ब्रेडवूड साठीचे होते. नेहमीप्रमाणे ते माणसांमध्येच होते. आगीच्या झळांनी पोरं थकली होती, ते एकेकाजवळ जाऊन विचारपूस करत होते, घोट घोट ब्रँडी देत होते. साडेसातच्या सुमाराला गोदामाची एक भिंत बाहेरच्या बाजूला फुगली आणि कोसळली. ब्रेडवूड तिच्याखाली गेले. भिंती बाहेर ढकलल्या जातात हे बारा वर्षांपूर्वी त्यांनीच इंजिनिअरांना समजावून सांगितलं होतं. तो ढिगारा एवढा तापलेला होता की त्यांचा देह काढायला दोन दिवस लागले. आग पुरती विझायला दोन आठवडे गेले. वितळलेली चरबी पेटती होऊन थेम्सवर वाहत होती.

२९ जूनला अंत्ययात्रा निघाली ती दीड मैल लांब होती. दुकानं बंद होती, चर्चच्या घंटा वाजत होत्या. अ‍ॅबनी पार्कच्या दफनभूमीत त्यांना त्यांच्या सावत्र मुलाशेजारी पुरलं. तो मुलगाही याच दलात होता आणि सहा वर्षं आधी, १८५५ मध्ये, आगीतच गेला होता. त्यानंतरही ब्रेडवूड कामावर येत राहिले होते.

नुकसान वीस लाख पौंडांच्या घरात गेलं. विमा कंपन्या हादरल्या आणि अख्ख्या शहराची आग विझवणं आपल्याला झेपणार नाही असं त्यांनी सरकारला कळवलं. १८६५ मध्ये कायदा झाला, १८६६ पासून लंडनचं दल सार्वजनिक पैशावर चालू लागलं. विमा आहे की नाही हा प्रश्नच मग उरला नाही. आपल्याकडे मुंबईत १८८७ मध्ये पालिकेचं अग्निशमन दल उभं राहिलं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्याजवळच दारूगोळा. आग विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात मेले. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा सप्ताह त्यांच्यासाठी पाळतात. गोंदियाच्या अग्निशमन केंद्रातही त्या दिवशी भोंगा वाजतो तो यासाठी.

एडिनबर्गने आपल्या या माणसाचा पुतळा फार उशिरा, २००८ मध्ये उभारला. तो पार्लमेंट स्क्वेअरमध्ये आहे. १८२४ च्या नोव्हेंबरात, नोकरीला लागून काही आठवडे झालेल्या ब्रेडवूडच्या डोळ्यांदेखत, याच चौकातल्या इमारती जळाल्या होत्या.